उन्हाचे घड्याळ

समुद्राच्या पाण्यातून एक किलो मीठ काढायला किती ऊर्जा लागते? एक लिटर समुद्रजलात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात, त्यात आपण खातो ते मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. हाती काही ना काही वाया जातेच, म्हणून किलोभर मिठासाठी चाळीसेक लिटर पाणी आटवावे लागते असे धरू. इतक्या पाण्याची वाफ करायला विजेच्या हिशेबात २५ ते २८ युनिट उष्णता खर्ची पडते. घरगुती दराने ही वीज विकत घेतली असती तर मिठाच्या पुडीची किंमत दुधाच्या कितीतरी पुढे गेली असती. पण उरण, पेण, वसई, भाईंदरच्या मिठागरांत आणि गोव्याच्या आगरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट होत आले, आणि ते इतके अंगवळणी पडले की त्याला कुणी ‘सौर ऊर्जा’ म्हटले नाही. वैशाखात गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, सांडगे आणि पापड, कोकणात अंगणभर पसरलेली आमसुले, मळणीआधी खळ्यावर सुकणारी कणसे, हा सगळा त्याच ऊर्जेचा वापर आहे. त्याला ना आरसा लागला ना तार. लागली ती एकच गोष्ट. हे काम करणाऱ्याने सूर्याची वेळ पाळली. मिठागराचा हंगाम पावसाळा संपून जमीन तापू लागली की सुरू होतो आणि वळवाच्या सरींपाशी संपतो. वाळवणाची बेगमी मृगाच्या आत उरकते. मीठ आज पडले काय नि चार दिवसांनी पडले काय, कुणाचे अडत नाही.

सौर ऊर्जेबद्दल बोलताना आपण सहसा ‘किती’ हा प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर नेहमीच डोळे दिपवणारे मिळते. वातावरणाच्या बाहेर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १३६१ वॉट इतकी ऊर्जा पडते. हवा, धूळ आणि बाष्प यांतून गाळून जमिनीवर निरभ्र मध्यान्ही साधारण १००० वॉट उरते. म्हणजे एक चौरस मीटर, एक तास, एक युनिट. हा हिशेब तोंडपाठ करण्याजोगा आहे, कारण त्यातून सौर ऊर्जेचे बळ आणि तिची खोड दोन्ही कळतात. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर दर चौरस मीटरला दिवसाकाठी पाच-साडेपाच युनिट पडतात. चार माणसांच्या बेताच्या घराला दिवसभरात लागणारी वीज चटईएवढ्या जागेवर येऊन पडते आणि निघून जाते. तेव्हा तुटवडा कधीच नव्हता. अडचणी दोन होत्या. एक म्हणजे ही ऊर्जा पातळ आहे. कोळशाच्या ढेकळासारखी ती मुठीत मावत नाही, पसरून पडते. दुसरी म्हणजे ती आपल्या वेळेने येते आणि आपल्या वेळेने जाते. गेल्या दीडशे वर्षांत अभियंत्यांनी आपली बहुतेक बुद्धी पहिल्या अडचणीवर खर्च केली. माझे म्हणणे असे की सौर साधनांच्या यशापयशाचा निकाल जवळजवळ दर वेळी दुसऱ्या अडचणीने लावला आहे. जे काम उन्हाच्या घड्याळाशी जुळवून घेऊ शकले ते टिकले, आणि ज्याने उन्हाला आपल्या घड्याळावर चालवू पाहिले ते, यंत्र कितीही हुशार असले तरी, अडगळीत गेले.

या दीडशे वर्षांच्या गोष्टीतला एक महत्त्वाचा प्रसंग मुंबईत घडला हे फारसे कुणाला ठाऊक नसते. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात कुलाब्यात चांदीचा मुलामा दिलेले सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले आणि त्यांचे कवडसे एका बॉयलरवर एकवटले. उन्हाबरोबर आरसे सरकवायला एक माणूस पुरे होई. त्या वाफेवर त्याने अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून लोकांना दाखवले. त्याच्या दुसऱ्या एका साधनात सात सैनिकांचा शिधा जानेवारीतल्या मुंबईच्या उन्हात दोन तासांत शिजत असे. उष्ण प्रदेशात सरपणाला आणि कोळशाला ऊन हा पर्याय आहे, हे सांगणारे त्याचे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ऑगस्तँ मूशो या गणिताच्या फ्रेंच शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून चक्क बर्फ करून दाखवला. तेव्हा दोघांनी मिळून पातळपणाची अडचण सोडवली होती असे म्हणायला हरकत नाही. तरी पुढे काही झाले नाही, कारण गिरणीचा भोंगा ढगांना विचारून वाजत नाही. रेल्वेने आणि जहाजाने येणारा कोळसा स्वस्त होत गेला हे तर खरेच, पण कोळशाची खरी मिजास त्याच्या किमतीत नव्हती. तो रात्री बारालाही तितकाच पेटतो, यात होती. या काळातला सर्वांत शहाणा प्रयोग मला अमेरिकन अभियंता फ्रँक शुमन याचा वाटतो. त्याने १९१३ साली कैरोजवळच्या मादी गावी पन्हळीच्या आकाराचे लांबलचक आरसे उभारले आणि नाईलचे पाणी उपसून शेतात सोडले. त्याने गिरणी निवडली नाही, आगगाडी निवडली नाही. कापसाला पाणी देणे निवडले. ऊन जितके कडक तितकी पिकाला तहान जास्त आणि पंपाला बळही जास्त. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, माणसे पांगली, आणि नंतर खनिज तेलाचे युग आले. शुमनची निवड मात्र चुकीची नव्हती, हे समजायला शंभर वर्षे जावी लागली.

याच्या नेमकी उलट बाजू पाहायची तर आपल्याकडच्या सूर्यचुलीचा इतिहास पाहावा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात सूर्यचूल तयार केली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले, आणि ती खपली नाही. पुढे ऐंशीच्या दशकात काळ्या रंगाच्या भांड्यांची, वर काच आणि झाकणाला आरसा असलेली पेटी सरकारी अनुदानाने घरोघर गेली. तिच्यात वरणभात छान होतो, शेंगदाणे खरपूस भाजतात, याबद्दल तक्रार नाही. तरी बहुतेक पेट्या माळ्यावर पोचल्या. याचे खापर बायकांच्या जुनाट सवयींवर फोडण्याची एक रीत त्या काळच्या लेखनात दिसते, आणि ती अन्यायाची आहे. शेतकरी घरात पहिला स्वयंपाक ऊन तापण्याआधी उरकतो, दुसरा ऊन उतरल्यावर सुरू होतो, आणि मधल्या वेळात घरची बाई रानात असते. सूर्यचूल नेमकी त्या मधल्या वेळात तयार असते. शिवाय पेटीतले तापमान शंभर-सव्वाशे अंशांच्या घरात घुटमळते. तेवढ्यात डाळ शिजते, पण फोडणी तडतडत नाही आणि भाकरी फुगत नाही. ज्या घरात जेवण म्हणजे भाकरी, त्या घराला भाकरी न करणारी चूल देणे हा चुलीच्या आरेखनाचा दोष आहे. आता याच्या शेजारी शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचे प्रसादालय ठेवा. तिथे २००९ पासून छतावरच्या ७३ परावर्तक तबकड्या वाफ तयार करतात आणि ती वाफ खालच्या प्रचंड भांड्यांत डाळभात शिजवते. साधन उष्णतेचेच, सूर्य तोच. फरक कामाच्या स्वरूपात आहे. हजारोंचे जेवण दिवसभर शिजत राहते, ते शिजवणारे लोक त्याच कामावर असतात, डाळभाताला वाफ पुरते, आणि ढग आलेच तर नेहमीचा बॉयलर तयार असतो. घरात जे साधन गैरसोयीचे ठरले ते मोठ्या स्वयंपाकघरात चपखल बसले.

पाणी तापवण्याच्या सौर बंबाने मात्र घरातच जागा मिळवली, आणि का मिळवली हे पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या बंबात उष्णता गोळा करणे आणि साठवणे ही दोन्ही कामे एकाच वस्तूकडे आहेत. दुपारी तापलेले पाणी जाड आवरणाच्या टाकीत रात्रभर गरम राहते आणि सकाळी आंघोळीला मिळते. ऊन आणि गरज यांच्यात बारा-चौदा तासांचे अंतर आहे, आणि ते भरून काढायला पाण्यापेक्षा स्वस्त बॅटरी जगात नाही. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे चार युनिट लागतात. दोन चौरस मीटरचा बंब दिवसाकाठी दहा-अकरा युनिट ऊन झेलून एवढी उष्णता सहज देतो. हेच काम आधी वीज करून मग गीझरने करायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त जागेवर पॅनेल लावावी लागतील. पुण्यासारख्या शहरात महापालिकेने मिळकतकरात सवलत दिली, इमारतींच्या गच्च्यांवर टाक्यांच्या रांगा दिसू लागल्या. त्यांचेही दुखणे आहेच. आठव्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत नळीतले दोन बादल्या गार पाणी मोरीत जाते, बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात, आणि ऑगस्टमध्ये शेवटी गीझरच लावावा लागतो. म्हणूनच उष्णतेचे साधन कार्यक्षमतेत विजेच्या दुपटी-तिपटीने पुढे असूनही शर्यत विजेने जिंकली. उष्णता जिथे गोळा केली तिथेच आणि त्याच कामाला वापरावी लागते. तिला तारेवर बसवून गावाबाहेर पाठवता येत नाही, तिच्यावर पंखा फिरत नाही, आणि उरली तर शेजाऱ्याला विकता येत नाही.

विजेकडे जाण्याचे दोन रस्ते होते, आणि त्यांतला कोणता पुढे जाईल याचा अंदाज बऱ्याच जाणत्या लोकांचाही चुकला. एक रस्ता अ‍ॅडम्स आणि शुमनचाच: आरशांनी उष्णता एकवटायची, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचे. दुसरा अगदी वेगळ्या घराण्यातला. प्रकाश पडला की काही पदार्थांत विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे एदमाँ बेकरेल या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली पाहिले होते, पण कामाची म्हणावी अशी सिलिकॉनची सौर घटपट्टी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली झाली. पडलेल्या उजेडाचा सहा टक्के भाग ती विजेत बदलत असे. आज बाजारातले चांगले पॅनेल वीस-बावीस टक्क्यांपर्यंत पोचले आहे, आणि एकाच थराच्या सिलिकॉनला निसर्गाने घातलेली मर्यादा तिशीच्या आसपास आहे. भारताने २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले तेव्हा दोन्ही रस्त्यांना बरोबरीने संधी दिली होती. पहिल्या टप्प्यात ४७० मेगावॅटचे आरशांचे प्रकल्प मंजूर झाले आणि त्यांतले मोजकेच पूर्ण झाले. आरशाला सरळ किरण लागतात. आपल्या धुळकट, बाष्पाळ हवेत उजेड भरपूर असला तरी तो विखुरलेला असतो, आणि विखुरलेला उजेड आरशाला एकवटता येत नाही. पॅनेलला तो चालतो. पॅनेलमध्ये फिरणारा भाग नाही, वाफ नाही, पाणी लागते ते पुसण्यापुरते. पण माझ्या मते सगळ्यात मोठे कारण याहून साधे आहे. वाफेचा प्रकल्प हा बांधावा लागतो. पॅनेल कारखान्यातून पापडासारखे सुटते. एकसारखे कोट्यवधी नग करत गेले की करणाऱ्याचा हात बसतो आणि किंमत उतरते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका वॉटची घटपट्टी ७६ डॉलरच्या घरात होती. आज पॅनेलचा वॉट वीस सेंटच्याही खाली मिळतो. आपल्याकडे २०१० च्या सुमारास सौर विजेसाठी नियामकाने ठरवलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला इथल्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला, आणि २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात दोन रुपयांच्या एक पैसा खाली. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली.

इथे एक गैरसमज जाता जाता दूर करावा. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, असे वाटणे साहजिक आहे, पण पॅनेलला हवा असतो उजेड, तापणे नको असते. २५ अंशांच्या वर चढणाऱ्या प्रत्येक अंशाला त्याचे उत्पादन साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात छतावरचे पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे त्याच्या नावावरच्या क्षमतेतले बारा-चौदा टक्के तापण्यातच गेले. फेब्रुवारीतली स्वच्छ, गार हवेची दुपार त्याला जास्त मानवते. पॅनेलवरची धूळ हे त्याहून मोठे दुखणे, आणि त्यावर उपाय म्हणजे फडके, पाणी आणि नियमितपणा. यांतले तिसरे सगळ्यात महाग.

किंमत उतरल्याने पातळपणाची अडचण व्यवहारात संपली. राहिली वेळ. आणि वेळेच्या दृष्टीने पाहिले तर सौर विजेला सर्वांत जवळचा सोबती आपल्या शेतात आहे. महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख कृषिपंप विजेवर चालतात. महावितरणच्या हिशेबाप्रमाणे एकूण विक्रीतला जवळपास तीस टक्के भाग त्यांचा; हा आकडा फुगवलेला असतो, गळती आणि चोरी त्यात लपवली जाते, असा आक्षेप ऊर्जा-अभ्यासक वर्षानुवर्षे घेत आले आहेत आणि त्यात तथ्य आहे. ते बाजूला ठेवले तरी हा मोठा ग्राहक आहे, आणि त्याला आजवर सर्वांत गैरसोयीच्या वेळेची वीज मिळाली. थ्री फेज वीज पाळीने यायची: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. कोळशाच्या केंद्राला रात्री आग विझवता येत नाही आणि शहर झोपलेले असते, म्हणून उरलेली वीज शेताकडे वळवायची, असा तो हिशेब होता. त्यापायी माणसे माघाच्या थंडीत, बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवांच्या आणि जुन्नर-संगमनेरच्या उसात बिबट्याच्या सावटाखाली दारे धरत राहिली. यंत्राच्या सोयीसाठी माणसाचे घड्याळ उलटे फिरवल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना साधी आहे. शेतीच्या फीडरजवळ, उपकेंद्राला लागून, काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याच फीडरला दिवसा वीज द्यायची. २०१७ मध्ये जाहीर झालेली ही योजना राळेगणसिद्धीच्या प्रायोगिक प्रकल्पानंतर बरीच वर्षे रेंगाळली. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत जागेचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ असे ठरले, तेव्हा ती हलली. विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. दुरून येणाऱ्या विजेवर वाटेत होणारी गळती वाचते. आणि बॅटरी लागत नाही, कारण बॅटरी पिकाच्या मुळाशी आहे. दुपारी दिलेले पाणी जमिनीत राहते. अकराऐवजी एकला मोटर सुरू झाली म्हणून उसाचे काही बिघडत नाही. शुमनने नाईलच्या काठी जे ताडले होते ते हेच.

यावर पहिला आक्षेप जमिनीचा घेतला जातो. एका मेगावॅटला चार एकरांच्या आसपास जागा लागते, तेव्हा पिकाऊ जमीन काचेखाली जाणार अशी भीती आहे. मोठ्या सौर उद्यानांबद्दल ही भीती खरी आहे. माळरान म्हणून नोंदलेली जमीन बहुधा कुणाच्या तरी मेंढ्यांचे कुरण असते, आणि धनगरांना त्या करारात कुणी सहीला बोलावत नाही. गावोगाव विखुरलेल्या छोट्या प्रकल्पांत हा भार वाटला जातो, नाहीसा होत नाही. दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. दिवसा, भरवशाची आणि जवळजवळ फुकट वीज मिळू लागली की पाणी उपसायला धरबंध राहणार नाही. रात्रीच्या विजेची गैरसोय हीच आजवर भूजलावरची एक नकळत राखण होती. या म्हणण्यात दम आहे, आणि दख्खनचा काळा पाषाण मुळातच पाणी थोडे धरतो, तेव्हा विहीर तळाला गेली की मोटर आपोआप थांबते असे म्हणून ते उडवून लावता येणार नाही. विहीर थांबली की लोक बोअर घेतात, आणि बोअर पाचशे फुटांखालीही जाते. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये एक वेगळी वाट काढून पाहिली गेली. सौर पंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली आणि पंपाला न लागणारी वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. न उपसलेल्या पाण्याला त्यामुळे एक भाव आला. केंद्राच्या कुसुम योजनेत याला जागा आहे, पण महाराष्ट्रात वाटले गेलेले बहुतेक सौर पंप विजेच्या जाळ्याला जोडलेलेच नाहीत. ओलिताची गरज नसेल तेव्हा, म्हणजे वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस, ते पॅनेल नुसते ऊन खात उभे असते. एवढा खर्च करून उभारलेल्या वस्तूची ही उधळपट्टी मला भूजलाच्या प्रश्नाइतकीच खटकते.

पॅनेल बनवायलाच इतकी ऊर्जा लागते की ती कधी भरून येत नाही, असेही अजून ऐकू येते. हे एकेकाळी विचारण्याजोगे होते, आज नाही. आपल्या उन्हात साधारण एक-दीड वर्षात ती परतफेड होते आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालते. ते मोडीत निघाल्यावर काय, आणि सिलिकॉनपासून पॅनेलपर्यंतचा बहुतांश उद्योग एकट्या चीनमध्ये का, हे प्रश्न मात्र जिवंत आहेत.

खरा आक्षेप संध्याकाळचा आहे, आणि माझ्या मुद्द्याची कसोटी तिथेच लागते. सगळी कामे शेतीसारखी वेळ सोसणारी नसतात. सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही आणि मिक्सर सुरू होतात. दुपारी रेलचेल आणि सातला टंचाई. दुपारच्या स्वस्त विजेचे आकडे दाखवून कोळसा उद्याच बंद करा म्हणणाऱ्यांनी हा तास हिशेबात धरलेला नसतो. पण घड्याळ दोन्ही बाजूंनी हलवता येते. आजवर उद्योगांना रात्री वीज वापरली की सवलत मिळायची; महाराष्ट्रात रात्री दहा ते सकाळी सहा हा स्वस्ताईचा काळ असे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी उन्हाच्या आठ तासांचा दर नेहमीपेक्षा दहा ते वीस टक्के कमी आणि गर्दीच्या वेळेचा जास्त ठेवायला सांगितले, आणि राज्यातली उद्योगांची सवलतही रात्रीतून उचलून दिवसाच्या नऊ ते पाचमध्ये आणली गेली. कोळशाने लावलेली वेळ सूर्याने बदलली, असा त्याचा अर्थ. शीतगृह दुपारी जास्त गार करून ठेवता येते, पालिकेची पाण्याची टाकी रात्रीऐवजी दुपारी भरता येते, गाडी कचेरीच्या वाहनतळावर चार्ज होते. भाकरी मात्र आठलाच लागते.

जे काम हलत नाही त्याच्यासाठी साठवण लागते, आणि पुन्हा पाणीच कामी येते. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर इथे २००८ पासून २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. वरच्या तलावातले पाणी सुमारे चारशे मीटर खाली कोकणाच्या बाजूला सोडून वीज करायची, आणि वीज स्वस्त असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. ते बांधले तेव्हा स्वस्त वीज म्हणजे मध्यरात्रीची वीज. आता तोच चढ दुपारी चढवणे फायद्याचे होत चालले आहे. दहा युनिट घालून साडेसात-आठ परत मिळतात, म्हणजे तोटा आहेच, पण दुपारचे दहा आणि संध्याकाळचे आठ यांची किंमत सारखी नाही. असे आणखी बरेच प्रकल्प घाटमाथ्यावर आखले जात आहेत, आणि तिथले जंगल जगातल्या मोजक्या श्रीमंत जंगलांपैकी आहे, तेव्हा प्रत्येक जागेचा वाद स्वतंत्रपणे भांडावा लागेल. लिथियमच्या बॅटऱ्या याच वेगाने स्वस्त होत राहिल्या तर कदाचित इतके डोंगर कोरावे लागणार नाहीत. पण बॅटरी संध्याकाळ ओलांडून देते, आषाढ ओलांडून देत नाही. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही अशा जुलैत सौर वीज निम्म्यावर येते. नेमक्या त्याच महिन्यांत साताऱ्या-सांगलीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या वर्षातली सर्वाधिक वीज देतात, आणि धरणे भरू लागतात. कोयनेचे १९६० मेगावॅट त्या दृष्टीने राज्याची सर्वांत मोठी तयार बॅटरी आहे. मात्र कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि ते पाणी पुढे कोकणाच्या बाजूला वाशिष्ठीत उतरते, पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना मिळत नाही. दुपारी पॅनेलने भार उचलला तर कोयनेचे झोत तेवढे तास बंद ठेवता येतात, आणि एप्रिलच्या अखेरीस कोयनेच्या शिवसागर जलाशयात किती पाणी उरले हे मोजताना त्या दुपारच्या उन्हाचाही हिशेब मांडता येतो.